बाखच्या कँटाटांचा संपूर्ण संच घ्यावा काय?

इंदूरमध्ये राहणाऱ्या, ख्याल ऐकत वाढलेल्या आणि अलीकडे अठराव्या शतकातल्या योहान सेबास्तियान बाख या जर्मन संगीतकाराच्या संगीताकडे ओढल्या गेलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याने त्याच्या चर्चसाठी रचलेल्या कँटाटांचा संपूर्ण संच विकत घ्यावा काय, आणि घ्यायचाच तर कोणत्या वाद्यवृंद-संचालकाचा घ्यावा, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या मनात आहे. आपल्या शहरात गाण्याच्या मैफलींना कधी तोटा नव्हता. पण या संगीताविषयी बोलायला माणसे थोडीच भेटतात, म्हणून विचार लिहूनच करावा असे ठरवले.

कँटाटा म्हणजे साधारण वीस ते पंचवीस मिनिटांची, वृंदगान, एकलगायन आणि वाद्यमेळ यांची मिळून झालेली रचना. १७२३ मध्ये बाख लाइपझिगला सेंट थॉमस शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून रुजू झाला आणि शहरातील मुख्य चर्चांमध्ये दर रविवारी व सणावारी असे संगीत सादर करणे हे त्याचे काम ठरले. त्या दिवशी बायबलातील जो भाग वाचला जाई, त्याला धरून पदे लिहिलेली असत. आरंभी बहुधा मोठे वृंदगान, मग गद्याच्या जवळ जाणारे पठण आणि एकल गीते, आणि शेवटी सर्वांना ठाऊक असलेल्या भक्तिगीताचे चार स्वरांतील साधे गायन, असा त्याचा सर्वसाधारण आराखडा असतो. अशा सुमारे दोनशे रचना आज उपलब्ध आहेत.

माझ्याकडे त्यांपैकी मोजक्याच, सुट्या सीडींवर आहेत आणि त्यांतल्या दोन रचनांनी मला बांधून ठेवले आहे. पहिली, बाखच्या रचनांच्या सूचीतल्या क्रमांक १०६ ची, बाखने वयाच्या विशीच्या सुरुवातीला रचलेली, मृत्यूविषयीची. तिच्यात दोन रेकॉर्डर बासऱ्या, दोन व्हिओला दा गांबा (पायांत धरून वाजवायची गजवाद्ये) आणि खर्जाचा आधार एवढीच वाद्ये आहेत. तिच्या मध्यभागी खालचे आवाज एकामागून एक शिरत ‘माणसा, तुला मेलेच पाहिजे’ हा जुना नियम गातात आणि त्यांच्या वरून एकच उंच स्त्रीस्वर ‘ये, प्रभू, ये’ अशी हाक घालत राहतो. हळूहळू बाकीचे सगळे थांबतात आणि तो स्वर शेवटी कोणत्याही साथीशिवाय एकटा उरतो. दुसरी क्रमांक ८२ ची, २ फेब्रुवारी १७२७ रोजी प्रथम सादर झालेली, एकाच खर्जाच्या गायकासाठी आणि ओबो या सनईसारख्या वाद्यासाठी. देवळात बाळ येशूला हातात घेतलेला वृद्ध शिमोन आता जगण्यात काही मागायचे उरले नाही असे म्हणतो, आणि मग स्वतःच्या डोळ्यांना निजवणारे एक संथ, लांबलचक गीत येते. संतवाङ्मयावर पोसलेल्या मराठी श्रोत्याला हा भाव परका वाटणार नाही, असे मी अनुभवाने सांगू शकते.

पण दोन रचना आवडल्या म्हणून दोनशे विकत घ्याव्यात, हे काही तर्काला धरून नाही. माझ्या थोरल्या भावाने हेच विचारले. तो स्वतः ग्वाल्हेर परंपरेतले गाणे शिकलेला आहे, आणि त्याच्या मताला आमच्या घरात वजन आहे. ‘‘अगं, चांगल्या वीस रचना निवडून घे आणि त्या पुन्हा पुन्हा ऐक. संपूर्ण म्हटले की निम्म्या तबकड्यांवरची धूळसुद्धा निघत नाही,’’ असे तो म्हणाला. मी म्हटले, ‘‘दादा, कुठल्या वीस चांगल्या हे मला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागेल ना? मग माझे ऐकणे त्याच्या निवडीत अडकेल.’’ त्यावर त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे तर माझेही झाले नव्हते. कारण ‘माझी निवड मीच करीन’ हे म्हणणे कोणत्याही संगीतकाराच्या कोणत्याही संचाला लावता येते. बाखच्या कँटाटांच्याच बाबतीत संपूर्णता का हवी, याचे उत्तर त्यात नव्हते.

आधी मोठा मोह बाजूला सारला, तो सांगते. २०१८ मध्ये बाखच्या जन्माला ३३३ वर्षे झाली, तेव्हा ‘बाख ३३३’ नावाचा २२२ सीडींचा संच निघाला. त्यात बाखचे उपलब्ध असलेले सर्व संगीत आहे, सुमारे २८० तासांचे. एकाच रचनेची वेगवेगळी रूपे, अपुरे राहिलेले तुकडे, त्याने दुसऱ्यांच्या रचनांवर केलेले संस्कार, आणि जुन्या कलाकारांची ध्वनिमुद्रणेही त्यात आहेत. अभ्यासकाला किंवा ग्रंथालयाला तो संच फार मोलाचा आहे. बडोद्याच्या किंवा आपल्या इंदूरच्या एखाद्या संगीत महाविद्यालयाने तो घेतला तर मी तिथे जाऊन बसेन. पण घरी ऐकणाऱ्याला त्या संपूर्णतेने काय मिळते? ती सूचीची संपूर्णता आहे. वोल्फगांग श्मीडर याने १९५० मध्ये बाखच्या रचनांची जी क्रमवार सूची केली, तिच्यातला एकही क्रमांक सुटू नये, या आग्रहातून ती आलेली आहे. आणि ते क्रमांकही रचनाकाळाचे नाहीत. कँटाटांना जे क्रमांक आज आहेत, ते १८५१ पासून बाख संस्थेने छापलेल्या समग्र ग्रंथावलीतल्या क्रमावरून आलेले आहेत. त्यामुळे १७२५ च्या मार्चमधली रचना क्रमांक १ ठरली आणि जवळजवळ अठरा वर्षे आधीची रचना क्रमांक ४ ठरली.

या रचना मुळात सुट्या नव्हत्याच, हे कळले तेव्हा मला माझे उत्तर सापडले. ३० मे १७२३ रोजी, ट्रिनिटी या ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणाऱ्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी, बाखने लाइपझिगमधला नोकरीतला पहिला कँटाटा सादर केला, क्रमांक ७५ चा, आणि तिथून पुढे आठवड्यामागून आठवडा तो लिहीत गेला. एक वर्ष पूर्ण झाल्यावर ११ जून १७२४ पासून त्याने वर्षभराच्या कँटाटांचे दुसरे चक्र सुरू केले, आणि त्याची योजना अधिक कडक होती. प्रत्येक रचना एकेका जुन्या भक्तिगीतावर उभी करायची, त्या गीताची चाल पहिल्या वृंदगानात लांब स्वरांनी एका आवाजाला द्यायची आणि बाकीच्या आवाजांनी व वाद्यांनी तिच्याभोवती विणकाम करायचे, असा नेम त्याने पुढच्या मार्चपर्यंत जवळजवळ चाळीस वेळा पाळला. तीच पद्धत, तीच मर्यादा, आणि तरीही प्रत्येक आठवड्याला वेगळा उपाय. ज्याला ख्यालात एकच राग वर्षानुवर्षे घोळवण्याचे मोल कळते, त्याला या चाळीस रचना सलग ऐकण्यात काय आहे ते वेगळे सांगायला नको. त्यांतल्या उत्तम पाच उचलल्या तर पाच सुंदर रचना मिळतात. पण पुढच्या रविवारी हा माणूस याच चौकटीत काय करणार, ही उत्सुकता त्यांतून मिळत नाही, आणि मला तीच हवी आहे.

त्या चक्रानंतर १७२५ च्या वसंतात त्याने लाइपझिगमधल्या मारियाने फॉन त्सिग्लर या कवयित्रीची पदे घेतली आणि ओळीने नऊ कँटाटा रचले. अठराव्या शतकात एका स्त्रीने लिहिलेली धर्मपर पदे शहराच्या मुख्य चर्चांत गायली गेली, याचे मला फार अप्रूप वाटते. तिने पुढे ती पदे छापली, तेव्हा बाखने केलेले बदल त्यांत नव्हते. त्यामुळे त्याने कुठे शब्द कमी केले आणि कुठे वाढवले हे आज ताडून पाहता येते. निवडक संचांत या नऊ रचना एकत्र मिळणे कठीणच.

लाइपझिगमधली तीन महत्त्वाची वर्षे अशी सलग उभी राहतात, तरी ‘संपूर्ण’ हा शब्द इथेही जपूनच वापरावा लागतो. बाखच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये छापलेल्या मृत्युलेखात वर्षभराच्या पाच चक्रांचा उल्लेख आहे आणि आपल्यापर्यंत सुमारे तीन चक्रांएवढ्याच रचना पोहोचल्या आहेत. हस्तलिखिते मुलांमध्ये वाटली गेली. थोरल्या विल्हेल्म फ्रीडेमानच्या वाट्याला आलेल्यांपैकी कितीतरी विखुरली आणि नाहीशी झाली. दुसऱ्या चक्राच्या गायन-वादनाच्या प्रती मात्र बाखची पत्नी आना माग्दालेना हिने सेंट थॉमस शाळेकडे दिल्या म्हणून वाचल्या. मी वर ज्या चाळीस रचनांविषयी इतके लिहिले, त्या ऐकायला मिळतात यात तिचा मोठा वाटा आहे. आपल्याकडेही इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या हयातीत मोजक्याच दीर्घध्वनिमुद्रिका निघाल्या आणि बाकीचे गाणे आकाशवाणीच्या व रसिकांच्या खासगी फितींमधून हळूहळू बाहेर आले. इंदूरकरांना जे वाचले त्याची किंमत कळते.

आता प्रश्न उरला तो कोणाचा संच घ्यावा याचा. हे काम पूर्ण करणारे पाच प्रकल्प मला ठाऊक आहेत. निकोलाउस हार्नोनकूर्ट आणि गुस्ताव लेओनहार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला आणि जवळजवळ वीस वर्षे चाललेला प्रकल्प जुन्या काळच्या वाद्यांवरचा पहिला. बाखच्या काळी चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, म्हणून त्यांनी, एखाददुसरा अपवाद वगळता, वरचे स्वर मुलांकडून गाऊन घेतले. त्याचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. परंतु क्रमांक ८२ सारख्या रचनांनी ज्याचे मन घडले आहे त्याला दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या आवाजातले अवघड एकल गीत, त्या मुलाच्या कष्टांचे कितीही कौतुक वाटले तरी, दर आठवड्याला ऐकवत नाही. हेल्मुट रिलिंग यांनी १९८५ साली, म्हणजे बाखच्या तिसऱ्या जन्मशताब्दीला, पूर्ण केलेला संच आधुनिक वाद्यांवरचा आहे, आणि त्या भरघोस नादात मधले स्वर माझ्या कानांना पुरेसे सुटे होत नाहीत. टॉन कोपमान यांच्या संचाची गती लाघवी आणि वादन प्रसन्न आहे, पण शोकाच्या रचनांत मला त्याहून अधिक थांबणे हवे असते.

खरी निवड राहिली ती जॉन एलियट गार्डिनर आणि मासाआकी सुझुकी यांच्यात. बाखच्या मृत्यूला अडीचशे वर्षे झाली त्या २००० सालात गार्डिनर यांनी आपले गायक-वादक घेऊन युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या चर्चांमधून फिरत, ज्या रविवारचा कँटाटा त्याच रविवारी, असे सर्व उपलब्ध चर्च-कँटाटा सादर केले. १९९९ च्या नाताळात वायमारला सुरू झालेला हा प्रवास वर्षअखेरीला न्यूयॉर्कमध्ये संपला. ध्वनिमुद्रणे काढण्याचे ठरवलेल्या मोठ्या कंपनीने बहुतांश मालिका सोडून दिली, तेव्हा गार्डिनर यांनी स्वतःची कंपनी काढून ती प्रकाशित केली. या संचात रविवारांप्रमाणे रचना लावल्या आहेत, म्हणजे एकाच दिवसासाठी वेगवेगळ्या वर्षी रचलेले तीन-चार कँटाटा शेजारी येतात. गायन धगधगते आहे. काही ठिकाणी वृंदगान असे उसळते की अंगावर रोमांच उभे राहतात, आणि काही ठिकाणी दर आठवड्याला नवे गाव व नवे चर्च यांचा थकवाही कानांना जाणवतो.

सुझुकी यांचे काम अगदी निराळ्या प्रकृतीचे आहे. कोबे शहरात जन्मलेल्या आणि ॲमस्टरडॅममध्ये कोपमान यांच्याकडे हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य शिकलेल्या सुझुकी यांनी १९९० मध्ये बाख कोलेगियम जपान हा समूह स्थापन केला, आणि १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे कोबेमधल्या एका महिला विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात, त्याच जागी, त्याच घुमाऱ्यात, स्वीडनच्या बीआयएस कंपनीसाठी ही ध्वनिमुद्रणे केली. पेटर कोई हा खर्जाचा गायक त्यांतल्या बहुतेक भागांत आहे. अठरा वर्षांत त्याचा आवाज गडद होत गेलेला ऐकू येतो. ज्या देशात ख्रिस्ती धर्म मानणारे लोक अगदी थोडे आहेत, तिथल्या गायकांनी जर्मन शब्दांचा एकेक व्यंजन इतके जपून उच्चारावे, याने मला धीर येतो. दुसऱ्याच्या परंपरेत शिरण्याचा रस्ता आस्थेने आणि परिश्रमाने तयार होतो, हे त्यांच्या गाण्यात ऐकू येते.

मैफलीचे ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्यापेक्षा नेहमीच जिवंत असते असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि दादा त्यांच्यापैकी एक आहे. गार्डिनर यांच्या बाजूने त्याने हाच मुद्दा मांडला. पण अमीर खाँसाहेबांचा १९६० च्या ध्वनिमुद्रिकेतला मारवा त्यालाही पाठ आहे, आणि तो मारवा श्रोत्यांच्या दादीशिवाय, तबकडीच्या एका बाजूच्या मर्यादेत गायलेला आहे. त्याच्यात काही उणे आहे असे कोणी म्हणणार नाही. एखादी गोष्ट वर्षानुवर्षे ऐकायची असेल तर तिच्यातला तोल आणि सुटेपणा हे गुण एका संध्याकाळच्या आवेशापेक्षा मला जवळचे वाटतात.

निर्णयाला शेवटची दिशा क्रमाने दिली. सुझुकी यांचा संच साधारणतः रचनाकाळाप्रमाणे लावलेला आहे. म्हणजे पहिल्या वर्षी मी १७२३ चे चक्र, प्रत्येक रचना तिच्या तिच्या रविवारी, ऐकू शकते, दुसऱ्या वर्षी भक्तिगीतांचे चक्र आणि त्सिग्लरबाईंच्या पदांचे नऊ कँटाटा, आणि तिसऱ्या वर्षी त्यानंतरचे. दिवसही पाळला जाईल आणि बाखच्या हाताखालून त्या ज्या ओळीने आल्या ती ओळही राहील. गार्डिनर यांच्या मांडणीत पहिली गोष्ट उत्तम साधते, दुसरी विस्कटते. लाइपझिगमध्ये ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या काळातल्या, दुसऱ्या रविवारापासून नाताळापर्यंत आणि ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळात, थोडे दिवस वगळता, कँटाटा होत नसे. ते आठवडे मीही रिकामे ठेवणार आहे, कारण त्या मौनानंतर येणारे नाताळचे व ईस्टरचे ढोल आणि तुताऱ्या त्याशिवाय कळणार नाहीत.

या गणितात एक रविवार मात्र बसत नाही. ट्रिनिटीनंतरचा सत्ताविसावा रविवार ईस्टर फार लवकर, म्हणजे २७ मार्चच्या आधी, आला तरच पंचांगात पडतो. आपल्याकडचा अधिक महिना निदान तीनेक वर्षांनी येतो, हा त्याहून कितीतरी दुर्मिळ आहे. १७२४ च्या चक्रात तो नव्हता. १७३१ मध्ये आला तेव्हा बाखने त्याच्यासाठी क्रमांक १४० चा कँटाटा रचला, पहारेकऱ्याच्या हाकेचा, जो आज त्याच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या रचनांपैकी आहे. २००८ नंतर तो रविवार पुन्हा येईल तो २०३५ मध्ये. एवढी वाट मी पाहणार नाही. दुसऱ्या चक्राच्या शेवटी त्या कँटाटाला जागा देईन, कारण त्या चक्रातली रिकामी जागा भरण्यासाठीच तो झाला असावा.

हे सगळे मासिक वर्गणी भरून जालावर ऐकता येते, मग सीडींची पेटी कशाला, असेही विचारले जाईल. बीआयएस कंपनी २०२३ मध्ये ॲपलने घेतली, आणि सुझुकी यांची ध्वनिमुद्रणे शोधायला आता काहीच श्रम पडत नाहीत. मी संचांची तुलना केली तीही तशीच. परंतु तिथे सात भागांची एक रचना सात सुट्या गाण्यांसारखी मांडली जाते, शोधताना एका कँटाटाचे एकच लोकप्रिय गीत पुढे येते, आणि आज असलेली मालिका कंपन्यांचे करार बदलले की उद्या राहीलच याची हमी कोणी देत नाही. शिवाय दादा फोनवर गाणे ऐकत नाही. बैठकीच्या खोलीतला जुना सीडी प्लेअर व ॲम्प्लिफायर यांवर आम्ही दोघे बसून ऐकतो, आणि या संचाच्या तबकड्या साध्या प्लेअरवरही चालतात. जर्मन पदे आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे जालावर मोफत मिळतात, तेव्हा शब्दांची अडचण नाही.

किंमत जड आहे, त्यात परदेशातून येणाऱ्या पार्सलचा खर्च आणि सीमाशुल्क धरावे लागते. ५५ तबकड्यांची पेटी आहे, आणि कॉफीचा प्रसिद्ध कँटाटा वगैरे लौकिक रचना त्यात नाहीत. सुझुकी यांनी त्या वेगळ्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्या मी सोडून देते. या वर्षी दुसरे कोणतेही संगीत विकत घ्यायचे नाही आणि घरातल्या ज्या सुट्या सीडी या संचात येतात त्या इथल्या एका तरुण व्हायोलिनवादकाला द्यायच्या, असे ठरवून मी मागणी नोंदवली आहे. जूनमध्ये ट्रिनिटीनंतरच्या पहिल्या रविवारी क्रमांक ७५ पासून सुरुवात करायची. पेटी त्याआधी आली तर बाखच्या तरुणपणातल्या रचना आधी ऐकता येतील. संचाच्या पहिल्याच तबकडीवर क्रमांक ४ आहे, धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या ईस्टर गीताची सात कडवी, सातही एकाच पट्टीत, एकाच चालीवर आणि सातही वेगळी. दादाने ती ऐकायचे कबूल केले आहे. तोवर त्या सात कडव्यांचा मराठी अर्थ एका वहीत लिहून काढण्याचे काम मी सुरू केले आहे आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचले आहे.